कानाची पिन आणि मुखाचें कडें

सातारा जिल्ह्यांत, तारळी नदी जेथें कृष्णेस मिळते तेथें, उंब्रज हें गांव वसलें आहे. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक येथील. आणि पुण्याहून कऱ्हाड, कोल्हापूर व पुढें बंगळूर गांठणारा महामार्गही गांवाला लागूनच जातो. वाहत्या रस्त्यावरच्या अशा गांवास नवी वस्तु फार काळ नवी राहत नाहीं. मोबाइल फोन आला, आणि त्याच्यासोबत हेडसेटही आला: दोन कानांसाठीं दोन बोंडें, आणि हनुवटीखालीं लोंबणाऱ्या तारेवर चिंचोक्याएवढी एक डबी. या डबींत मायक्रोफोन बसविलेला असतो.

घरांत संगणकही असला, तर हाच हेडसेट त्यास जोडावा, असा विचार मनांत येणें साहजिक आहे. निराळा मायक्रोफोन विकत घेण्याचें कारण काय? पिन खोबणींत चपखल बसते. कानांत गुरुजींचा, दूरदेशींच्या नातलगाचा किंवा कचेरींतील साहेबाचा आवाज स्वच्छ येतो. मात्र उत्तर देण्यास तोंड उघडावें, तर पलीकडील माणूस ‘कांहीं ऐकूं येत नाहीं’ एवढेंच सांगत राहतो. हेडसेट पुन्हां फोनला लावावा, तर तोच मायक्रोफोन ठणठणीत चालतो. म्हणजे बिघाड हेडसेटांत नाहीं आणि संगणकांतही नाहीं. तो दोहोंच्या भेटींत आहे.

या लहानशा कोड्यामागें सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे. दूरचें ऐकण्याची सोय लोकांस सहज मिळाली, दूरवर बोलण्याची सोय मात्र सावकाश मिळाली. ऐकणाऱ्यास एक साधी वाट पुरली. बोलणाऱ्यास वाटेबरोबर शिदोरीही लागली. हेडसेटच्या पिनेवर जे धातूचे चार भाग दिसतात, त्यांवर हा सारा इतिहास कोरलेला आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास टेलिफोनचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें. पुढील वर्षीं जे टेलिफोन लोकांच्या हातीं आले, त्यांत बोलण्याचें आणि ऐकण्याचें यंत्र एकच होतें. तेंच तोंडाशीं धरून बोलावयाचें आणि झटकन् कानाशीं नेऊन उत्तर ऐकावयाचें. आंत एक लोहचुंबक, त्याच्याभोंवतीं तारेचें वेटोळें आणि समोर लोखंडाची पातळ चकती, एवढाच त्याचा संसार. आवाजानें चकती थरथरली कीं वेटोळ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होई. तो दुसऱ्या टोंकाच्या वेटोळ्यांत पोंचला कीं तेथील चकती तशीच थरथरे. यास बाहेरील विजेची गरज नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजाचें बळ हेंच सारें भांडवल; परंतु तें फारच तुटपुंजें होतें. अंतर वाढलें कीं शब्द विरून जात.

यावर तोड निघाली ती कोळशाच्या साह्यानें. १८७७ सालीं टॉमस एडिसन यानें कार्बनाचा उपयोग करून बोलण्याचें स्वतंत्र यंत्र सिद्ध केलें, आणि १८७८ सालीं डेव्हिड ह्यूज यानें लंडन येथें याच तत्त्वाचे प्रयोग करून दाखवून ‘मायक्रोफोन’ हें नांव रूढ केलें. या यंत्रांत कार्बनांतून बॅटरीचा प्रवाह आधींच वाहत असतो. आवाजाच्या दाबानें कार्बनाचे कण जवळ येतात व दूर होतात, आणि त्या मानानें प्रवाह वाढतो व घटतो. येथें आवाज वीज उत्पन्न करीत नाहीं. वाहत्या विजेला तो वळण लावतो. कालव्यावरील पाटकरी कांहीं पाणी निर्माण करीत नाहीं, दार वरखालीं करून तो तें कमीजास्त सोडतो, तसेंच हें. परंतु कालव्यांत पाणीच नसेल, तर पाटकऱ्याच्या कौशल्याचा उपयोग काय? या शोधानंतर कान आणि मुख यांची फारकत झाली. कानाशीं धरावयाचें यंत्र बेलच्या रीतीचेंच राहिलें. मुखापुढील यंत्र मात्र विजेवर जगूं लागलें.

१८८२ च्या जानेवारींत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें टेलिफोन एक्स्चेंजें सुरू झालीं. त्या काळच्या एक्स्चेंजांत ऑपरेटरपुढें खोबणींची एक भिंतच उभी असे. दोन ग्राहकांची गांठ घालून द्यावयाची, म्हणजे दोरीच्या टोंकावरील पितळी पिन योग्य त्या खोबणींत खुपसावयाची. या कामासाठीं पाव इंच जाडीची पिन रूढ झाली. तिचे तीन भाग होते: टोंक, मधलें कडें आणि मागची नळी, आणि त्यांच्यामध्यें वीज अडविणारे पट्टे. आजची साडेतीन मिलिमीटरची नाजूक पिन ही याच पितळी पिनेची वंशज होय. शिदोरीची व्यवस्थाही पुढें बदलली. आरंभीं प्रत्येक ग्राहकाच्या घरीं बॅटरी ठेवावी लागे. पुढें एक्स्चेंजांतूनच तारेवाटें वीज पुरविण्याची पद्धत आली. जुना तारेचा टेलिफोन गांवांतील दिवे गेले असतांही चालत असे, याचें कारण हेंच. बोलणाऱ्याच्या मुखासाठीं ४८ व्होल्टची शिदोरी एक्स्चेंज आपल्या घरून पाठवीत असे.

टेलिफोननें दोन माणसांस समोरासमोर बोलतें केलें. त्याच्या मागून आलेल्या रेडिओनें मात्र पुन्हां कानाचाच सन्मान केला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. ऐकण्याचें यंत्र घराच्या फळीवर राहूं लागलें. बोलण्याचें यंत्र केंद्राच्या बंद दालनांतच राहिलें. ही उणीव जाणत्यांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हांचा उत्तर सातारा, अशा पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापन झालीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोन वेळां, गांवकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. ऐकणें विजेच्या वेगानें होई आणि बोलणें टपालाच्या वेगानें. तरीही हा प्रयोग इतका उपयुक्त ठरला, कीं पुढें देशांत इतरत्र त्याचें अनुकरण झालें. गांवाला कान आहेत तसें मुखही आहे, हें त्यानें सिद्ध केलें. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांत, म्हसवड येथें, २००८ सालीं ‘माणदेशी तरंग’ हें सामुदायिक रेडिओ केंद्र उभें राहिलें, तेव्हां मायक्रोफोनच गांवांत येऊन बसला.

मधल्या काळांत पिन लहान होत गेली होती. ट्रान्झिस्टर रेडिओ खिशांत मावूं लागला, तेव्हां पाव इंची पिन त्यास बोजड झाली, आणि साडेतीन मिलिमीटरची पिन प्रचारांत आली. पहिल्यानें तिच्यावर दोनच भाग होते, कारण एकाच कानांत बोंड घालावयाचें असे. १९७९ सालीं सोनी कंपनीचा वॉकमन निघाला. दोन कानांत दोन निराळे स्वर देणारी तीन भागांची पिन त्यानें जगभर नेली: टोंक डाव्या कानाचें, कडें उजव्या कानाचें, आणि मागची नळी दोहोंच्या सामाईक परतीच्या तारेची. म्हणजे ही लहान पिन ऐकणाऱ्यांच्या घरांत लहानाची मोठी झाली. तिच्यावर मुखासाठीं जागा नव्हती, आणि ती असावी असें कोणास वाटलेंही नाहीं.

घरगुती संगणकानें हीच परंपरा उचलली. त्याला आवाज देणारीं ध्वनिपत्रें, म्हणजे साउंड कार्डें, १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारांत आलीं, तेव्हां कानासाठीं एक आणि मुखासाठीं एक अशा दोन निराळ्या खोबणी ठेवण्याची रीत पडली. पुढें इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेनें त्यांचे रंगही ठरवून दिले: ऐकण्याची खोबण हिरवी आणि मायक्रोफोनची गुलाबी. टेबलावरील संगणकाच्या पाठीमागें हीच जोडी अजूनही दिसते. गुलाबी खोबण दिसावयास हिरवीसारखीच, पण तिचा धर्म वेगळा. हिरवी आवाज बाहेर देते. गुलाबी आवाज आंत घेते, आणि त्यासाठीं मायक्रोफोनला थोडी वीज आधीं देते.

ही थोडी वीज कशासाठीं, हें कळण्यास आणखी एका शोधाची ओळख हवी. १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनीं इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. यांत प्लास्टिकच्या अत्यंत पातळ पडद्यावर विद्युत्भार कायमचा साठविलेला असतो. आवाजानें पडदा हलला कीं सूक्ष्म विद्युत्दाब उत्पन्न होतो. तो इतका क्षीण असतो, कीं शेजारींच बसविलेल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरच्या आधाराशिवाय तारेतून पुढें जाऊं शकत नाहीं. ट्रान्झिस्टरला एकदोन व्होल्टची शिदोरी पुरते, पण ती लागतेच. कोळशाच्या जागीं प्लास्टिक आलें, बॅटरीच्या जागीं फोनचा एक कोपरा आला. पाटकऱ्याला पाणी लागतें, हा नियम मात्र बदलला नाहीं.

मोबाइल फोन आला तेव्हां पेंच पडला. त्याच्या अंगावर दोन खोबणींस जागा नव्हती. कान आणि मुख या दोहोंनीं एकाच पिनेवर नांदावें, असें ठरलें, आणि तीन भागांच्या पिनेवर चौथा भाग आला. पण भाऊबंदकी येथेंच सुरू झाली. टोंक डाव्या कानाला आणि पहिलें कडें उजव्या कानाला, याविषयीं वाद नव्हता. उरलेल्या दोन भागांपैकीं मायक्रोफोनला कोणता द्यावा आणि परतीच्या तारेस कोणता, यावर दोन पक्ष झाले. २००४ सालीं स्थापन झालेल्या ओएमटीपी या मोबाइल कंपन्यांच्या मंडळाच्या पद्धतींत मायक्रोफोन दुसऱ्या कड्यावर असे आणि परतीची तार मागच्या नळीवर. सीटीआयए या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पद्धतींत नेमकें उलट. नोकियाचे अनेक जुने फोन पहिल्या पद्धतीचे होते. २००७ सालीं निघालेला ॲपलचा आयफोन दुसऱ्या पद्धतीचा. पुढें बहुतेक सर्व फोन दुसऱ्या पद्धतीकडे वळले.

एका पद्धतीचा हेडसेट दुसऱ्या पद्धतीच्या फोनास लावला, तर मोठी मौज होते. दोन्ही कानांची परतीची वाट मायक्रोफोनांतून जाऊं लागते. गाण्यांतील गायकाचा आवाज दोन्ही बाजूंस सारखाच असल्यामुळें बुजून जातो, आणि कडेकडेचीं वाद्यें तेवढीं ऐकूं येतात. तारेवरील बटण दाबून धरलें, कीं गायक परत येतो. कारण तें बटण मायक्रोफोनची तार आणि परतीची तार एकमेकींस जोडतें. पुष्कळांनीं अशा वेळीं चांगला हेडसेट निकामी समजून टाकून दिला असेल.

संगणकाचें कोडें आतां उलगडतें. चार भागांची पिन तीन भागांच्या हिरव्या खोबणींत घातली, तर दोन्ही कानांस त्यांची जागा मिळते. मायक्रोफोनच्या भागाला मात्र शिदोरी देणारें तेथें कोणी नसतें, त्यामुळें तो मुका राहतो. तीच पिन गुलाबी खोबणींत घातली, तरी काम होत नाहीं. गुलाबी खोबण आवाजाची वाट टोंकावर पाहत असते, आणि फोनच्या पिनेच्या टोंकावर बसलेला असतो डावा इयरफोन. अशा वेळीं डावें बोंड तोंडाशीं धरून मोठ्यानें बोललें, तर पलीकडे क्षीण आवाज पोंचूंही शकतो. इयरफोनच्या आंत अजून तेंच चुंबक, तेंच वेटोळें आणि तीच थरथरणारी चकती आहे. १८७७ सालचा एकाच यंत्राचा टेलिफोन अशा रीतीनें क्षणभर पुन्हां जिवंत होतो, आणि त्याचा जुना दुबळेपणाही.

ही केवळ मौजेची गोष्ट नव्हे, हें २०२० सालीं दिसून आलें. त्या वर्षीच्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या. जुलैमध्यें दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिनें ज्या घरीं इंटरनेट नव्हतें, तेथेंही पाठ पोंचविले. परंतु दूरदर्शनपुढें बसलेल्या मुलास शंका विचारतां येत नाहीं. इंटरनेटवरील वर्गाचें वैशिष्ट्य तेवढेंच होतें, कीं तेथें मूल बोलूं शकत होतें. ज्या मुलाचा मायक्रोफोन मुका, त्याचा वर्ग मात्र पुन्हां एकतर्फी होई. त्याला सर्व ऐकूं येई; पण त्याला समजलें आहे कीं नाहीं, हें शिक्षकास कळण्याचा मार्ग नसे. पिनेवरील एका कड्याच्या चुकीनें विद्यार्थ्याचा केवळ श्रोता होत असे.

दुसरें मोल मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतींत आहे. इंग्रजी अक्षरांच्या पटावर मराठी टंकित करणें अनेकांस अवघड वाटतें. ऑगस्ट २०१७ मध्यें गूगलनें बोलून लिहिण्याच्या सोयींत मराठीचा अंतर्भाव केला. तेव्हांपासून ज्यास कळपट येत नाहीं, त्यासही पत्र, अर्ज किंवा आठवणी संगणकावर उतरवितां येऊं लागल्या. ज्या आजोबांची लेखणी थरथरते, त्यांची वाणी अजून खणखणीत असते. पण ती वाणी संगणकांत शिरावयाची, तर तिच्या वाटेवरील पहिली चौकी ही पिनच होय.

यावरील उपाय सोपे आहेत आणि ते वरील इतिहासांतूनच निघतात. प्रथम पिनेवरील रेघा मोजाव्या. दोन रेघा म्हणजे तीन भाग, तेथें मायक्रोफोनच नाहीं. तीन रेघा म्हणजे चार भाग. मग संगणक पाहावा. त्यास एकच खोबण असून तीजवर मायक्रोफोनसहित हेडसेटचें चित्र असेल, तर ती चार भागांची आहे. पिन थेट लावावी. हिरवी व गुलाबी अशा दोन खोबणी असतील, तर एका बाजूस चार भागांची खोबण आणि दुसऱ्या बाजूस तीन भागांच्या दोन पिना असलेला जोड घ्यावा. तो कान आणि मुख यांची वाटणी करून ज्याचें त्यास देतो. दुकानांत याच्यासारखाच दिसणारा दुसरा जोड मिळतो. तो एकच गाणें दोघांनीं ऐकण्यासाठीं असतो आणि या कामास निरुपयोगी ठरतो. तारेची लांबी वाढविणारी दोरीही चार भागांचीच हवी. तीन भागांची दोरी मध्यें आली, कीं मुखाची वाट तेथेंच बंद पडते.

खोबणीच नादुरुस्त असतील, तर यूएसबीला लावावयाचें लहान साउंड कार्ड मिळतें. आवाजाचे अंक करण्याचें आणि मायक्रोफोनला शिदोरी देण्याचें काम तें स्वतःच करतें. मात्र त्यावरही खोबण एक आहे कीं दोन, हें पाहूनच घ्यावें. एवढें झाल्यावर संगणकाच्या ध्वनीच्या मांडणींत जाऊन, आवाज कोणत्या मायक्रोफोनावरून घ्यावयाचा, तें निवडावें. पुष्कळ संगणकांना स्वतःचा मायक्रोफोन असतो आणि ते त्याचेंच ऐकत राहतात. ज्या प्रणालींतून बोलावयाचें, तिला मायक्रोफोन वापरण्याची अनुज्ञा दिली आहे ना, हेंही पाहावें. शेवटीं डबीच्या छिद्रावर नखानें हलकेंच खरवडावें. पडद्यावरील आवाजाची पट्टी हालली, तर मुख जागें झालें असें समजावें.

तार गेली म्हणजे हा सारा तंटा मिटला, असें वाटण्याचा संभव आहे. २०१६ सालीं आयफोननें गोल खोबण काढून टाकली, आणि अनेक फोन त्याच मार्गानें गेले. परंतु पुष्कळ ब्लूटूथ हेडसेटांत निराळ्या रूपानें तोच अनुभव येतो. केवळ ऐकावयाचें असतें तोंवर गाणें दोन्ही कानांत भरदार वाजतें. मायक्रोफोन चालू झाला, कीं तेंच टेलिफोनसारखें बारीक व कोंदट होतें. ऐकण्यासाठीं एक नियमावली आणि संभाषणासाठीं दुसरी, अशी तेथेंही वाटणी झालेली आहे. जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालेली एलई ऑडिओ ही पद्धत हा भेद कमी करूं पाहते.

पितळी पिनेपासून बिनतारी लहरींपर्यंत साधनें बदलत गेलीं, आणि प्रत्येक वेळीं कानाची सोय आधीं व मुखाची मागून झाली. म्हणून हेडसेट, संगणक किंवा वर्गासाठीं एखादें नवें साधन घेतांना दुकानांत जी परीक्षा बहुधा केली जाते, ती अपुरी आहे. गाणें लावून पाहिलें आणि कानांत नीट वाजलें, म्हणजे निम्मेंच काम झालें. दुकानाच्या दुसऱ्या टोंकास कोणास तरी उभें करून दोन वाक्यें बोलावीं, आणि तीं तेथें शब्दशः पोंचलीं, तरच पैसे मोजावे.